चाँदबीनं रंगवलेली रात्र

गंगावेशीच्या अलीकडच्या बोळात रंगाऱ्यांची चार घरं होती. त्यातलं शेवटचं मीरासाबचं. बाप-आजा कापड रंगवत आले, पण मीरासाबचा हात बसला तो पितळेवर आणि पोलादावर. सरदारांच्या बंदुका, वकिलांची भिंतीवरची घड्याळं, शिंप्यांची यंत्रं, जे मोडेल ते त्याच्या ओट्यावर येऊन पडायचं. रंगाची भट्टी सांभाळली ती त्याच्या बायकोनं. चाँदबी ठेंगणी, सावळी, कमी बोलणारी. कोपरापर्यंत तिचे हात कधी तांबडे, कधी हिरवे. लुगडं वाफेतून काढून ती डोळ्यांनी नव्हे, बोटांनी ओळखायची, रंग बसला की अजून एक बुडी हवी.

तिच्याकडं रंग न्यायला येणाऱ्यांत सयाजी होता. नाटक मंडळीचे पडदे रंगवायचा. राजमहाल, अरण्य, कारंजं, काय म्हणाल ते. पण मानमोडीच्या तापाच्या साथीत त्याच्या मंडळीतले दोन गाणारे गेले, मालकानं कनाती विकल्या आणि सयाजी रिकामा झाला. त्याच हिवाळ्यात गावात तंबूतला सिनेमा आला. सयाजी लागोपाठ सात दिवस तो बघून आला आणि आठव्या दिवशी मीरासाबच्या ओट्यावर येऊन बसला.

"मीरासाब, मी जल्मभर पडदं रंगवलं, पर माझ्या पडद्यातलं पाणी कधी हाललं न्हाय. तिथं नदी वाहती रं! खरी वाहती."

"मग?"

"मग काय? आपुन काढायचं."

मीरासाबनं हातातली घड्याळाची कमान खाली ठेवली. "कशानं? माझ्या हातोड्यानं?"

सयाजीनं सगळं आधीच ठरवलेलं होतं. शाहूपुरीतले गुळाचे व्यापारी गणपतराव नाटकवेडे. नाटक मंडळी बुडाल्यापासून त्यांना करमत नव्हतं. ते पैसे घालायला तयार होते. मुंबईत एका साहेबानं विलायतेला परत जाताना आपला कॅमेरा टाकून दिल्यासारखा विकायला काढला होता, कारण तो चालत नव्हता. तो चालता करणारा माणूस सयाजीच्या ओळखीत एकच होता.

कॅमेरा आला तेव्हा चाँदबीनं तो पहिल्यांदा पाहिला. शिसवी लाकडाची पेटी, पुढं काच, बाजूला दांडा. मीरासाबनं तो सतरंजीवर सुटा करून मांडला. एक दातेरी चाक झिजलं होतं. त्यानं पितळेतून तसंच दुसरं कापलं, तीन वेळा चुकला, चौथ्यांदा बसलं. दांडा एका सेकंदाला दोन फेरे, सारख्या चालीनं फिरवायचा असतो हे कळल्यावर तो हसला. वर्षानुवर्षं घड्याळं कानाला लावून त्याच्या मनगटातच ठोका बसला होता. त्याला मोजावं लागत नव्हतं.

मंडळीचं नाव सयाजीनं ठेवलं: करवीर छाया मंडळी. पाटीही त्यानंच रंगवली.

पण चित्र घेणं निराळं आणि ते फिल्मवर उमटवणं निराळं. ते काम अंधाऱ्या खोलीत, तांबड्या दिव्याच्या उजेडात करावं लागे. लाकडी चौकटीवर फिल्म गुंडाळायची, दवा म्हणजे रसायन कालवलेल्या हौदात बुडवायची, वेळेवर काढायची, धुवायची. गावातल्या एका फोटोग्राफरनं सयाजीला मुंबईहून मागवलेला दवा कालवायला शिकवलं. हौद, पाणी, निथळायच्या दोऱ्या ह्या सगळ्या वस्तू मीरासाबच्या घरातच होत्या, म्हणून रंगाच्या भट्टीमागची खोली मंडळीनं घेतली. पहिली पट्टी सयाजीनं धुतली. वाळल्यावर बघतो तर सगळ्या चित्रावर पांढरे ठिपके, देवी आल्यासारखे. दुसरी तशीच. तिसरी तशीच. सयाजी डोक्याला हात लावून बसला. "दवाच खोटा दिला त्या मुंबईवाल्यानं."

चाँदबी दारात उभी होती. "पाणी कुठलं घेतलं, सयाजीभाऊ?"

"आडाचं. तुमच्याच."

"त्यात डाळ तरी शिजती का? आम्ही भांडी घासतो त्यानं. ज्या पाण्यात डाळ शिजत न्हाय, त्यात रंग बसत न्हाय. नदीचं आणा, अन् गाळून घ्या."

पखालीनं पंचगंगेचं पाणी आणलं. चौपदरी मांजरपाटातून गाळलं. चाँदबीनं स्वतःच चौकट हातात घेतली आणि हौदात सोडली. सयाजी घड्याळ बघत होता. ती बघत नव्हती. मधेच चौकट वर काढून दिव्यासमोर धरी, पुन्हा सोडी. "आता बास," म्हणाली आणि काढली. सयाजी ओरडला, "अजून दोन मिंटं हायत भाबी!" तोवर तिनं ती पाण्यात घातलीही होती. ती पट्टी वाळली तेव्हा तिच्यावर रंकाळ्याचा काठ होता, पाण्यावरची लाट न् लाट दिसत होती, आणि एकही ठिपका नव्हता.

त्या दिवसापासून त्या खोलीत शेवटचा शब्द चाँदबीचा झाला. मदतीला तिनं शेजारची रशिदा आणि पेठेतली तानाबाई घेतली. दोघीही कापड धुण्यातल्या, ओल्या वस्तूला हळू हात लावणाऱ्या.

पहिलं चित्र भीमाचं आणि बकासुराचं करायचं ठरलं. कारण साधं होतं. भीम तयार होता. तालमीतला गुंडू पैलवान, दरबारच्या खुराकावर वाढलेला, खासबागेच्या मैदानात दोनदा गदा मिळवलेला. अभिनय म्हणजे काय हे त्याला ठाऊक नव्हतं, आणि त्यामुळं तो घाबरत नव्हता. एकचक्रा नगरीतून बकासुराला गाडाभर अन्न, दोन रेडे आणि एक माणूस जायचा, आणि एके दिवशी त्या माणसाच्या जागी भीम जातो, ही गोष्ट घरोघरी ठाऊक होती. गाडाभर भात, वरण, पोळ्या आचाऱ्याकडून करून घेतल्या. मीरासाब कॅमेरा पुसून, तिपाई रोवून तयार होईस्तोवर गुंडूनं "जरा सवय करून घेतो" म्हणून निम्मा गाडा संपवला.

"अरं, कॅमेरा सुरू व्हायच्या आदीच?" सयाजी केस उपटायला लागला.

"तुमीच म्हनलासा की, खाऊन दाखीव."

दुसऱ्या दिवशी पुन्हा स्वयंपाक झाला. त्या दिवशी गुंडूला उपाशी ठेवलं होतं, आणि तो जे जेवला ते बघून आचारीसुद्धा गहिवरला.

फिल्मच्या पहिल्या तुकड्या धुऊन वाळल्या तेव्हा नवंच संकट दिसलं. भीमाचा भरजरी तांबडा शेला फिल्मवर काळाठिक्कर आला होता, आणि आकाशी निळं धोतर पांढरंफटक. सयाजीनं आयुष्यभर रंगांवरच पोट भरलेलं; त्याला हा अपमान वाटला. चाँदबीनं मात्र भट्टीतल्या कापडांच्या चिंध्या गोळा केल्या. बारा रंगांच्या बारा चिंध्या एका काठीला बांधल्या आणि मीरासाबला म्हणाली, "हिचं चित्तर घ्या." पट्टी धुतली. तांबडं काळं, पिवळं मळकट, हिरवं करडं, निळं पांढरं, जांभळं मधलं. तिनं ते डोक्यात ठेवलं. मग मंडळीचे सगळे पोशाख तिनं नव्यानं रंगवले. भीम जांभळा, बकासूर तपकिरी, गावकरी फिक्या निळ्यात. समोर बघितलं तर तमाशातल्यासारखी विचित्र टोळी दिसायची. फिल्मवर मात्र ज्याचा त्याचा शेला जिथल्या तिथं.

राहिले रेडे. रेडे कोणी देईना, तेव्हा सयाजीनं गंगावेशीत दूध विकणाऱ्या धोंडुबाईला गाठलं. ती रोज आपल्या दोन म्हशी नाक्यावर उभ्या करून गिऱ्हाइकाच्या समोर धार काढून द्यायची. उंच, खणखणीत आवाजाची, कुणाच्या बापाला न भिणारी.

"म्हशी नेशील. पर मी संगं येनार. माझ्या म्हशी परक्याच्या हातानं चालत न्हाईत."

"या की. गाव सोडून जानाऱ्या बायांत उभं ऱ्हावा."

चित्र पन्हाळ्याच्या पायथ्याच्या माळावर घ्यायचं होतं. बकासूर झालेला माणूस पूर्वी नाटकात राक्षसच करायचा. त्याला गुहेतून यायचं, गाडा बघायचा आणि एका रेड्याच्या शिंगाला धरून गर्जना करायची. धोंडुबाईला हे कुणी सांगितलं नव्हतं. तिला वाटलं होतं, म्हशी नुसत्या चालवायच्या. राक्षसानं शिंगाला हात घातला, म्हैस बुजली, आणि गावकऱ्यांच्या घोळक्यातून धोंडुबाई हातातली काठी घेऊन धावत सुटली.

"मुडद्या! गाभन हाय ती! सोड! सोड म्हनते न्हवं!"

तिनं बकासुराच्या पाठीत तीन काठ्या घातल्या. त्याचा केसांचा टोप उडाला. बकासूर पुढं, धोंडुबाई मागं, असा त्यांनी माळाला एक वेढा घातला. सयाजी "थांबवा, थांबवा" म्हणून ओरडत होता. मीरासाबचा हात थांबला नाही. सेकंदाला दोन फेरे. नंतर तो म्हणाला, "एवढं खरं परत कुटं मिळालं असतं?"

सयाजी दोन दिवस रुसला. महाभारतात असं नाही म्हणाला. मग चाँदबीनं ती तुकडी धुऊन, वाळवून त्याच्यासमोर धरली. त्यानं ती उजेडात डोळ्याला लावली, बराच वेळ बघितली, आणि त्याचे खांदे हलायला लागले. तुकडी चित्रात राहिली.

शेवटच्या लढाईपाशी मात्र काम अडलं. भीम आणि बकासुराचं युद्ध रात्री व्हायचं होतं, आणि रात्री कॅमेऱ्याला काही दिसत नाही. ते भर दुपारी घेतलेलं. सयाजी म्हणे, ह्यात भ्याव न्हाय, दोघं हुरडा खायला आल्यागत दिसतात.

चाँदबी त्या वेळी फिल्म धूत होती. ओली फिल्म बोटांत धरून तिनं विचारलं, "ह्याच्यावर हे चिकट काय लावल्यालं असतंय?"

"सरस. जनावराच्या हाडांचा."

"तरीच. रेशमावानी पानी पितंय हे. रेशीम पानी पितंय म्हणजे रंग बी पितंय. मी ह्याला निळ्यात बुडवून बगतो."

"चित्तर जाईल भाबी!"

"वाया गेल्याली पट्टी द्या. ती गेली तर गेली."

नीळ बसली नाही. बारीक कण राहिले, चित्र घाण झालं. मग तिनं फळीवरचा डबा काढला. रेशमाला लावायच्या जर्मन पुड्या. लढाईच्या वर्षांत त्या मिळेनाशा झाल्या होत्या, तेव्हा तिनं चिमूट-चिमूट जपून ठेवलेल्या. कोमट पाणी, थेंबभर शिरका, अर्धी चिमूट निळा. फिल्म आत सोडली आणि काढली. सगळ्यांनी मिळून ती खिडकीपाशी धरली. भर दुपारचा माळ चांदण्यात न्हाला होता. दगडांच्या सावल्या गार झाल्या होत्या. गुंडूचं उघडं अंग अंधारातून वर आल्यासारखं दिसत होतं.

मीरासाबनं नुसतं बायकोकडं पाहिलं. सयाजी जमिनीवरच बसला. "मी पंचवीस वर्सं रातीचे पडदे रंगवले," तो म्हणाला, "पर ही रात."

मग चाँदबीला थांबवणारं कोण? सकाळला फिकी केशरी, अरण्याला हिरवी, चुलीपाशी तांबूस. प्रत्येक तुकडा वेगळा रंगवून, वाळवून, मग जोडलेला. रशिदा आणि तानाबाईला तिनं शिकवलं, रंग डोळ्याला जेवढा हवासा वाटतो त्याच्या अलीकडं थांबायचं, वाळल्यावर तो पुढं सरकतो.

चैत्रात, जोतिबाच्या यात्रेच्या आधी चित्र लागलं. बायकांसाठी दुपारचा निराळा खेळ ठेवला होता. तंबूला काळ्या कनाती लावून अंधार केलेला. चाँदबी, रशिदा आणि तानाबाई मागच्या बाकावर बसल्या. धोंडुबाई सगळ्यांत पुढं. पडद्यावर ती काठी घेऊन धावत आली तेव्हा तंबूतल्या बायका उभ्या राहिल्या. "हाण! हाण धोंडे!" कुणीतरी टाळ्या वाजवल्या, कुणी ओवाळायला तबक आणलं असतं तर बरं असं म्हणालं. आणि मग निळी रात्र आली. गोंगाट एकदम थांबला. चाँदबीच्या पुढं बसलेल्या एका म्हातारीनं पदर खांद्यावरून ओढून घेतला आणि शेजारणीला म्हणाली, "गार वारं सुटलं बग." चैत्राची दुपार होती, तंबूत घामानं जीव जात होता. घरी जाताना चाँदबी रशिदाचा हात धरून चालली, आणि वाटेत दोनदा उगीचच हसली.

पुढचं वर्ष मंडळीचं होतं. चित्र सांगलीला, बेळगावला, साताऱ्याला गेलं. गुंडू रस्त्यानं निघाला की पोरं भीम म्हणून मागं लागत, आणि त्याला दुकानदार बोलावून खायला घालत. मंडळीत वीस माणसं झाली. गणपतरावांनी नदीकडच्या अंगाला मोठी पत्र्याची दुमजली शेड बांधली. खाली धुण्याचे हौद, वर फिल्म वाळवायचे लाकडी ढोल, माणूस आत उभा राहील एवढाले. मुंबईहून एक चित्रं फिरवणारा व्यापारी आला. त्यानं सगळं पाहिलं आणि विचारलं, रंग कुठल्या साहेबाकडून करून घेता? सयाजीनं चाँदबीकडं बोट दाखवलं. तो पाहुणा हसला, त्याला थट्टा वाटली. मग त्यानं तिचे हात पाहिले.

त्यानंच पुढच्या चित्राची मागणी केली. दिवाळीला मुंबईत लागायचं, एकाच वेळी चार ठिकाणी. गणपतराव हरखून गेले. आजवर ते मंडळीत येऊन कोपऱ्यात बसत, गूळ-शेंगदाणे वाटत आणि सगळ्याचं कौतुक करत. आता ते घाई करू लागले. नवं चित्र मोठं होतं, लंकेचं, जळत्या नगरीचं. घेता घेता ज्येष्ठ उजाडला. मृग लागला. शेवटच्या तुकड्या श्रावणात धुवायला आल्या.

कोल्हापुरातला श्रावण म्हणजे पाट्यावरचं मीठसुद्धा पाणी होतं. ढोलांवर गुंडाळलेली फिल्म वाळेना. चिकट राहायची, एकमेकीला डसायची. चाँदबी म्हणाली, "नवरात्रापतूर थांबा. ऊन पडू द्या."

"नवरात्रात मुंबईला माल पोचायचा हाय," गणपतराव म्हणाले. "मुंबईत कोळशाच्या शेगड्या ठिवत्यात म्हनं वाळवायला. आपुन बी ठिवू."

"न्हाय ठिवायच्या."

"का?"

चाँदबीनं कात्रीनं बोटभर फिल्म कापली, अंगणातल्या दगडावर ठेवली आणि चुलीतली काडी लावली. भस्सकन जाळ झाला, निळापिवळा, आणि क्षणात राखसुद्धा उरली नाही. "असली दोन हजार हात फिल्म हाय वर. मालक, कापसाच्या गंजीत चिलीम वढत न्हाय कुनी."

गणपतरावांनी त्या दिवशी शेगड्या आणल्या नाहीत. पण चार दिवसांनी मुंबईची तार आली तसं त्यांनी शेडमध्ये सहा शेगड्या आणून ठेवायला सांगितल्या. सयाजी दोघांच्या मधे सापडला. "लांब ठेवू भाबी, भिंतीकडंला ठेवू."

"ठेवा," चाँदबी म्हणाली. "पर शेगडी पेटली की माझ्या बाया आत ऱ्हानार न्हाईत. मी बी न्हाय."

दुसऱ्या दिवशी दुपारी शेगड्या पेटल्या. चाँदबीनं रशिदा, तानाबाई आणि खालच्या हौदावरच्या चौघी जणींना घेतलं, भाकरीची फडकी उचलली आणि सगळ्या नदीकाठच्या पिंपळाखाली जाऊन बसल्या. शेगड्या पेटवणारे दोन गडीही तिनं गणपतरावांच्या देखत ओरडून बाहेर बोलावले, "आदी जेवून घ्या, मग बगा." त्यांनी पहिला घास घेतला तेव्हा वरच्या मजल्यावरून आवाज आला, मोठं कापड टर्रकन फाडावं तसा. मग पत्रे वाकले आणि त्यातून पिवळा धूर आला.

गुंडू तालमीतून धावत आला. पाण्याची घागर डोक्यावर उपडी करून तो दाराकडं निघाला. त्याला वाटलं, पेट्या काढता येतील. चाँदबी त्याच्या आडवी उभी राहिली. त्याच्या छातीपर्यंतसुद्धा तिचं डोकं पोचत नव्हतं.

"कुटं चाललास?"

"पेट्या हायत आत, भाबी! भीमाची बी हाय!"

"ती फिल्म पान्यात बी जळती. तुझं काय घेऊन बसलास? मागं हो."

"पर..."

"गुंडू, मागं हो म्हनतो."

तो मागं झाला आणि तिथंच चिखलात बसून लहान मुलासारखा रडला. लंका जळाली, एकचक्रा जळाली, मूळ फिल्मा सगळ्या गेल्या. ओलं पावसाळी आभाळ असूनही शेड अर्ध्या घटकेत खलास झाली. माणूस एकही गेला नाही. मीरासाब कॅमेरा दुरुस्तीला घरी घेऊन आला होता म्हणून तेवढा वाचला.

भीमाच्या चित्राच्या ज्या प्रती गावोगावी फिरत होत्या, त्या फिरून फिरून घासल्या, तुटल्या, पाऊस पडल्यासारख्या दिसू लागल्या आणि हळूहळू दिसेनाशा झाल्या. करवीर छाया मंडळी दसऱ्याला बंद झाली. सयाजीनं पाटी उतरवली आणि तिच्यावर कुणाच्या तरी नव्या हॉटेलचं नाव रंगवलं. फळी चांगली होती.

गणपतराव दोन महिने कुणाला दिसले नाहीत. मग एका सकाळी ते बोळात आले. मागं हमालाच्या डोक्यावर गुळाची ढेप. मीरासाबनं ओट्यावर सतरंजी अंथरली. ते बसले नाहीत.

"चाँदबी, मी तुझं ऐकलं असतं तर..."

"ऐकलं न्हाईसा," ती म्हणाली. "पर त्या दोन गड्यांना जेवायला पाठवू नका, असं बी म्हनला न्हाईसा. तुम्ही समोरच हुतासा. मला अडवलं असतं तर ते मेलं असतं."

गणपतरावांचे डोळे भरून आले. त्यांनी ते फेट्याच्या शेमल्यानं पुसले.

"बसा. च्या करतो," चाँदबी म्हणाली.

ते थोडे घुटमळले. ह्या घरात त्यांनी आजवर कधी पाणीही घेतलं नव्हतं. मग सतरंजीवर मांडी घालून बसले आणि चहा बशीत ओतून शेवटच्या थेंबापर्यंत प्याले. दुसरा मागितला. जाताना म्हणाले, "नाटक-सिनेमातला माझा लोभ फिटला. पर तो बाईचा, काठी घेऊन पळायचा तुकडा... तेवढा एक वाचाय पायजे हुता." आणि दोघं पुरुष हसायला लागले.

मंडळी बुडाली, पण तिच्यातली माणसं बुडाली नाहीत. गावात तोवर चित्रं काढणारी दुसरी माणसं उभी राहत होती. त्यांतल्या एकांनी सयाजीला पडदे आणि देखावे रंगवायला नेलं. गुंडू पुन्हा मैदानात उतरला. कुस्ती जिंकली काय, हरली काय, लोक त्याला खायला घालतच राहिले. धोंडुबाईच्या म्हशीला झालेल्या रेडकाला गंगावेशीत सगळे बकासूर म्हणू लागले. मीरासाबकडं सरदारांच्या बंदुकांऐवजी तंबूवाल्यांची यंत्रं येऊ लागली. सांगलीहून, निपाणीहून, बैलगाडीत गवतात गुंडाळून.

मुंबईचा व्यापारी एकदा चाँदबीला न्यायला आला. महिन्याचा पगार, राहायला खोली, हाताखाली माणसं. तिनं विचारलं, "तिथलं पानी कसं हाय?" त्याला सांगता येईना. ती म्हणाली, "मग न्हाय जमायचं." ते निमित्त होतं. तिला जायचं नव्हतं. रशिदाचं लग्न इथं झालं होतं, तानाबाईला दोन लेकरं होती, नदी इथं होती. "फिल्म हिकडं धाडा की," ती म्हणाली. "रंगवून देतो."

त्यानं धाडली. मग दुसऱ्यांनी धाडली. भट्टीमागच्या खोलीत पुन्हा चौकटी लागल्या. एका वेळी थोडकीच फिल्म, पावसाळ्यात काम बंद, आणि उंबऱ्याच्या आत काडी घेऊन येणाऱ्याची खैर नाही. एवढे तीन नियम. ते मोडणाऱ्याला, मग तो कंपनीचा मालक का असेना, ती बाहेर काढायची.

पुढच्या माघात एका दुपारी सयाजी फिल्मचा डबा घेऊन आला. त्याच्या नव्या कंपनीच्या चित्रात एक बाई उन्हातान्हातून माहेरी चालत जाते. त्याला त्या तुकड्याला दुपारचा रंग हवा होता.

"पिवळा दे झालं," तो म्हणाला.

"पिवळा न्हाय. पिवळ्यात ती हळदीत माखल्यागत दिसंल. माहेरी चाललीय न्हवं? मग ऊन असलं तरी तिला लागत न्हाय."

"उनाला रंग एकच असतोय, भाबी."

"तुमच्या पडद्यावर असंल."

त्यांचा वाद सुरू झाला. रशिदा आणि तानाबाई चौकटी निथळत ठेवून ऐकायला थांबल्या. मीरासाबनं ओट्यावरून दोनदा जेवायला हाक मारली. तिसऱ्यांदा तो हातात भाकरीची टोपली घेऊन आत आला, उंबऱ्याशी थांबला, विडी कानावर होती ती आठवून बाहेर ठेवून आला, आणि सगळ्यांच्या मधे टोपली ठेवत म्हणाला, "आदी खावा. ऊन काय पळून जात न्हाय."

चाँदबीनं हात धुतले. धुऊनही ते फिके केशरी राहिले होते. तिनं भाकरी मोडली, सयाजीला अर्धी दिली, आणि बोट त्याच्यासमोर धरून म्हणाली, "हा बगा. ह्याच्यापरीस जरा अलीकडचा. चार दिसांनी या."

"तीन," सयाजी म्हणाला.

"चार."

"बरं, चार," म्हणून त्यानं भाकरीवर ठेचा घेतला.